विंडोज ११ (२४एच२, २५एच२) : बदललेले डिफॉल्ट आणि आपली जुनी ऑफिसं

शाखा_सिस्टीम

नमस्कार मंडळी,

एका नागरी सहकारी बँकेचं सिस्टीमचं काम बघतो. मुख्य कार्यालय आणि शाखा मिळून शंभरेक पीसी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि इतकी वर्षं "चालतंय ना? मग चालू द्या" म्हणणाऱ्या संचालक मंडळाने एकदाची नव्या पीसींना मंजुरी दिली. सगळे प्रो एडिशन, कंपनीतूनच २४एच२ (विंडोज ११ ची २०२४ ची आवृत्ती, २५एच२ ही तिच्या पुढची) टाकून आलेले.

पहिल्या शाखेत बसवले आणि त्याच दिवशी फोन सुरू. कर्ज विभागातलं मोठं झेरॉक्स मशीन केवायसीची कागदपत्रं स्कॅन करून पीसीवरच्या शेअर फोल्डरमध्ये टाकायचं, ते बंद. कोपऱ्यातला जुना नॅस (नेटवर्कवर फाइली ठेवायचा डबा) उघडेना. "तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार पासवर्डशिवाय गेस्ट प्रवेश बंद आहे" अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. शाखाधिकारी मला विचारतात, "असलं धोरण कुणी केलं?" आता त्यांना काय सांगू, मी नाही केलं, मायक्रोसॉफ्टने केलं!

वाचून जे समजलं ते असं. २४एच२ प्रोमध्ये एसएमबी (विंडोजची फाइल शेअर करण्याची भाषा) सायनिंग, म्हणजे प्रत्येक पाकिटावर सही, दोन्ही बाजूंनी सक्तीचं आहे, म्हणजे पीसी दुसऱ्याच्या शेअरवर गेला तरी आणि दुसरा आपल्या पीसीवर आला तरी. पासवर्ड नसलेलं गेस्ट लॉगऑन बंद. एनटीएलएमची (ओळख पटवण्याची विंडोजची जुनी पद्धत) पहिली आवृत्ती काढूनच टाकलेली. याशिवाय बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन), लॅप्स (प्रत्येक पीसीचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा ठेवून आपोआप बदलणारी सोय), छपाईचा नवा मोड असं बरंच काही आहे.

नवीन बटणं आली असती तर फरक पडला नसता, आपण ती दाबलीच नसती. इथे आहे त्याच बटणांची मूळ जागा बदलली आहे आणि आपण इतकी वर्षं त्या मूळ जागेवरच विसंबून होतो. तर प्रश्न असा : यातलं काय सैल करायचं, काय अजिबात नाही, आणि हे ठरवायचं कसं? पुढच्या शाखा रांगेत आहेत.

---

रजिस्ट्री_राव

एवढं डोकं कशाला लावायचं? ग्रुप पॉलिसीत (सगळ्या पीसींची सेटिंग एका जागेवरून ठरवायची सोय) सायनिंगची सक्ती दोन्ही ठिकाणी डिसेबल, गेस्ट एनेबल, सगळ्या पीसींवर ढकला, विषय संपला. आमच्या सगळ्या क्लायंटकडे हेच केलंय. ऑफिसच्या आत कोण हॅकर येऊन बसतोय?

---

पॅच_मंगळवार

@रजिस्ट्री_राव, याला म्हणतात आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बिघाड एका जुन्या झेरॉक्स मशीनमध्ये आणि संरक्षण काढायचं शंभर पीसींचं.

"आत कोण येऊन बसतोय" याचं उत्तर एकदा नीट समजून घ्या. कॅशियरने शेअरचं नाव टाइप करताना एक अक्षर चुकवलं. डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) ते नाव सापडत नाही, तेव्हा पीसी नेटवर्कवर हाळी घालतो : या नावाचं कोणी आहे का? त्याच स्विचवर कुणी लॅपटॉप लावून बसला असेल, किंवा एखाद्या पीसीत मालवेअर असेल, तर ते म्हणतं, "मीच तो." पीसी भाबडेपणाने एनटीएलएमची ओळखप्रक्रिया सुरू करतो. समोरचा ती जशीच्या तशी खऱ्या फाइल सर्व्हरकडे पुढे पाठवतो आणि कॅशियरच्या नावाने आत शिरतो. पासवर्ड त्याला शेवटपर्यंत कळलेला नसतो, कळण्याची गरजही नसते. या हल्ल्याचं तयार साधन २००१ पासून उपलब्ध आहे.

सायनिंग सक्तीचं असलं की हा खेळ थांबतो. पुढच्या प्रत्येक पाकिटावर सही लागते. त्या सहीची किल्ली पासवर्डवरून तयार होते आणि मधल्या माणसाकडे पासवर्ड नसतो. गेस्ट बंद का, हेही यातच आलं. गेस्टला पासवर्ड नाही, म्हणून किल्ली नाही, म्हणून सही नाही. या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत. नॅसला सायनिंग येत असलं तरी गेस्टने आत गेलात तर अडणारच.

@शाखा_सिस्टीम, ठरवायचं कसं ते विचारलंत. आधी मोजा. २४एच२ मध्ये यासाठी ऑडिटच्या वेगळ्या पॉलिसी दिल्या आहेत. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, नेटवर्क, त्यात लॅनमन वर्कस्टेशन आणि लॅनमन सर्व्हर. समोरचा सर्व्हर सायनिंग करू शकत नाही, आपल्याकडे आलेला क्लायंट सायनिंग करू शकत नाही, गेस्टने लॉगऑन झालं, या तिन्हीच्या नोंदी ठेवता येतात. नवीन शाखेत एक-दोन पीसी आधी बसवा. त्यांच्यावरच सक्ती तात्पुरती सैल करून ऑडिट चालू ठेवा आणि महिनाअखेरचं काम त्यांच्यावरून जाऊ द्या. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एसएमबीक्लायंट आणि एसएमबीसर्व्हरखालचे ऑडिट लॉग बघा. तिथे आलेल्या आयपी पत्त्यांची यादी हेच तुमचं खरं काम. ती यादी बहुधा भीती वाटते त्यापेक्षा लहान निघते.

---

टोनर_काळा

मी झेरॉक्स मशीनच्या सर्व्हिसमध्ये आहे, त्यामुळे सगळ्या शिव्या सध्या आमच्या वाट्याला. 😀

आधी मशीन फक्त एसएमबी १ बोलतंय का ते बघा. तसं असेल तर दोष २४एच२ चा नाही. एसएमबी १ विंडोज १० पासूनच, २०१७ च्या अखेरीला आलेल्या आवृत्तीत, नव्याने टाकताना बंद असतं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा मालवेअर याच भोकातून शिरला होता. म्हणजे तुमच्या जुन्या पीसींवर कुणीतरी ते हाताने चालू केलेलं असणार. (कुणीतरी म्हणजे बहुधा आमच्यातलाच कुणी.)

बऱ्याच मशीनना फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं की एसएमबी २ किंवा ३ मिळतं, सायनिंगही येतं. मशीनचं वेब पान उघडा, नेटवर्क सेटिंगमध्ये प्रोटोकॉलची निवड असते. एएमसी असेल तर हे काम सर्व्हिस इंजिनियरकडूनच करून घ्या. फर्मवेअर टाकताना लाईट गेली तर बोर्ड जातो.

आता फोल्डरच्या पीसीवर. स्कॅनसाठी वेगळा लोकल यूजर बनवा, अ‍ॅडमिन नको. मोठा पासवर्ड, कधीच एक्स्पायर होणार नाही असा. त्या यूजरला पीसीवर बसून लॉगिन करायला मनाई, आणि फक्त त्या एका फोल्डरवर लिहिण्याचा हक्क. मशीनच्या अ‍ॅड्रेस बुकमध्ये यूजरनेम लिहिताना आधी पीसीचं नाव, मग उलटा स्लॅश, मग यूजर.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा घोळ : लोक पासवर्डच्या जागी पिन टाकतात. साहेब रोज पिनने लॉगिन करतात, त्यांना वाटतं तोच पासवर्ड. विंडोज हॅलोचा पिन त्या पीसीपुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही.

आणि अ‍ॅड्रेस बुकमधल्या जुन्या नोंदी पुसा. मशीन चुकीचा पासवर्ड घेऊन पुन्हापुन्हा दार ठोठावत राहतं. नव्या विंडोज ११ मध्ये दहा चुका झाल्या की खातं दहा मिनिटं लॉक होतं, शिवाय प्रत्येक चुकीनंतर दोन सेकंद थांबवतात. मग फोन येतो, "स्कॅन कधी जातं, कधी जात नाही."

---

लॅब_क्र_३

धागा योग्य वेळी आला. मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट आहे. आमचं दुखणं जरा वेगळं. सगळे पीसी २४एच२, एक पीसी नीट तयार केला आणि बाकीच्यांना त्याचीच इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) मारली. कित्येक वर्षं असंच करतोय. २०२५ च्या ऑगस्टअखेरच्या अपडेटनंतर एका पीसीवरून दुसऱ्याचं शेअर उघडेना. पासवर्ड बरोबर, तरी चौकट परत परत पुढे येते. रिमोट डेस्कटॉपचं तेच. अपडेट काढलं की चालतं. सायनिंग बंद करून पाहिलं, काही फरक नाही.

---

सर्व्हररूमवाली

@लॅब_क्र_३, सायनिंगचा इथे संबंध नाही. इमेज मारण्याआधी सिसप्रेप (पीसीची स्वतःची ओळख पुसणारं विंडोजचं साधन) केलं होतं का? उत्तर "नाही" असणार, कारण लक्षणं तंतोतंत तीच आहेत.

प्रत्येक विंडोजला इन्स्टॉल होताना स्वतःचा मशीन एसआयडी (ओळख क्रमांक) मिळतो. सिसप्रेप न करता क्लोन केलं की सगळ्या पीसींचा एसआयडी एकच. २९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या आणि त्यानंतरच्या अपडेटपासून २४एच२, २५एच२ आणि सर्व्हर २०२५ हा एसआयडी तपासून बघतात. समोरच्याचा आणि आपला सारखा निघाला तर केर्बेरॉस आणि एनटीएलएम या ओळख पटवण्याच्या दोन्ही पद्धती नकार देतात. खात्री करायची असेल तर सिसइंटर्नल्सचं पीएसगेटएसआयडी दोन पीसींवर चालवा, आकडे शेजारी ठेवून बघा.

आपल्याकडे हा प्रकार इतका का पसरला त्याचंही कारण आहे. क्लोननंतर एसआयडी बदलणारं न्यूएसआयडी नावाचं साधन पूर्वी सगळे वापरायचे. २००९ मध्ये ते बनवणाऱ्या मार्क रसिनोविच यांनीच ते बंद केलं. त्यांचं म्हणणं होतं की सारख्या मशीन एसआयडीमुळे प्रत्यक्षात काही बिघडत नाही. लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं. क्लोन करण्याआधी सिसप्रेप हवंच, ही मायक्रोसॉफ्टची अट मात्र तेव्हाही होती, आजही आहे. बिघडत नव्हतं तोवर कुणी विचारलं नाही, इतकंच.

कायमचा उपाय एकच, इमेज नव्याने बनवा. विंडोज टाकल्यावर पहिल्या पडद्यावर कंट्रोल-शिफ्ट-एफ३ दाबून ऑडिट मोडमध्ये जा, सगळी सॉफ्टवेअर तिथेच टाका आणि शेवटी सिसप्रेप जनरलाइझ करून बंद करा. ऑडिट मोड न वापरता नेहमीच्या यूजरने स्टोअरमधली अ‍ॅप टाकली असतील तर सिसप्रेप अडतं. अजून एक मेख, सी ड्राइव्ह बिटलॉकरने बंद असेल तरीही अडतं, आणि २४एच२ मध्ये ते आपोआप चालू होऊ शकतं. आधी डिक्रिप्ट करा. तात्पुरती सूट देणारी एक खास ग्रुप पॉलिसी मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस सपोर्टकडे मागितली तर मिळते, पण तिच्यावर सेमिस्टर काढू नका.

अपडेट काढून ठेवणं हा उपाय नाही. पुढच्या महिन्याचं अपडेट तेच सोबत घेऊन येणार.

लॅबचे पीसी डोमेनमध्ये (एका सर्व्हरवरून सगळ्यांची खाती चालणारं नेटवर्क) आहेत का? असतील तर याच फेरीत विंडोज लॅप्स चालू करा. एप्रिल २०२३ पासून ते विंडोजमध्येच आहे, जुनं वेगळं टाकायचं पॅकेज आता नव्या आवृत्त्यांवर बसतही नाही. एकाच इमेजमधून आलेल्या सगळ्या पीसींना एकच अ‍ॅडमिन पासवर्ड, हे एसआयडीपेक्षा मोठं दुखणं आहे. नुसता वर्कग्रुप असेल तर मात्र लॅप्सचा उपयोग नाही, त्याला डोमेन किंवा एन्ट्रा (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची खाती सेवा) लागतं.

---

लॅब_क्र_३

ताई, सिसप्रेप नव्हतंच केलं. दोन पीसींचे आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे. सरांना दाखवले, त्यांनी आधीच्या एजन्सीच्या नावाने जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. दिवाळीच्या सुट्टीत नवीन इमेज.

एक जोडप्रश्न. एज्युकेशन एडिशन आहे, डोमेनमध्ये. वायफायला पूर्वी विंडोजचंच लॉगिन आपोआप लागायचं, आता दर वेळी विचारतं.

---

सर्व्हररूमवाली

तो क्रेडेन्शियल गार्ड, लॉगिनची माहिती वेगळ्या कप्प्यात जपणारं संरक्षण. एंटरप्राइझ आणि एज्युकेशनमध्ये २२एच२ पासून तो पात्र पीसींवर आपोआप चालू असतो, आणि एमएस-चॅप आवृत्ती २ (पासवर्डवर चालणारी जुनी पद्धत) वर बेतलेल्या वायफायला लॉगिनची माहिती परस्पर देत नाही. सर्टिफिकेटवर चालणाऱ्या ईएपी-टीएलएसकडे जा. मेहनत आहे, पण एकदाच.

---

नोंदवही

आमचं छोटं सीए ऑफिस. सर्व्हर वगैरे नाही. एका पीसीवर अकाउंटिंगचा डेटा, फोल्डर "एव्हरीवन"ला पूर्ण खुला, पासवर्ड शेअरिंग बंद. नवीन लॅपटॉप आणला, त्याला ते फोल्डर दिसतं पण उघडत नाही. रिटर्नच्या तारखा डोक्यावर आहेत, सोपं काहीतरी सांगा.

---

पॅच_मंगळवार

पाच मिनिटांचं काम आहे. डेटाच्या पीसीवर एक साधा यूजर बनवा, पासवर्डसह. फोल्डरवरून "एव्हरीवन" काढून त्या यूजरला हक्क द्या आणि पासवर्ड शेअरिंग चालू करा. मग बाकीच्या प्रत्येक पीसीवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ते नाव आणि पासवर्ड एकदाच साठवा. त्यानंतर कुणाला काही विचारणार नाही. खरं तर माणसागणिक वेगळा यूजर हवा, कारण क्लायंटचे पॅन आणि बँकेचे तपशील त्यात आहेत. पण आज रिटर्न भरा, ते पुढच्या आठवड्यात.

---

सर्व्हररूमवाली

बिटलॉकरवर कुणी बोललं नाही, म्हणून वेगळा प्रतिसाद. माझ्या मते २४एच२ मधली सगळ्यात महाग पडू शकणारी गोष्ट हीच.

आधी आपोआप एन्क्रिप्शनसाठी हार्डवेअरच्या बऱ्याच अटी होत्या. २४एच२ ने त्यातल्या मोठ्या अटी काढल्या. नव्याने विंडोज टाकलं, किंवा नवा पीसी पहिल्यांदा चालू केला, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क एन्क्रिप्ट व्हायला लागते. ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. आता लहान ऑफिसात काय होतं बघा. नवा लॅपटॉप येतो. बॉक्स उघडतो तो क्लार्क पडद्यावर ईमेल मागितला म्हणून स्वतःचा ईमेल टाकतो. संस्थेच्या लॅपटॉपची किल्ली त्याच्या खाजगी खात्यात. दोन वर्षांनी तो नोकरी सोडतो. कधीतरी बायोस अपडेट होतं, निळा पडदा येऊन की मागतो, आणि तेव्हा कुणालाच आठवत नाही की पहिल्या दिवशी कुणाचं खातं वापरलं होतं. की नसेल तर डेटा गेला. कुठलाही डेटा रिकव्हरीवाला ते उघडून देऊ शकत नाही.

लोकल खात्याने सुरू केलं तर वेगळीच गंमत. डिस्क एन्क्रिप्ट होते, पण किल्ली उघडीच राहते. पिवळा त्रिकोण दिसतो, संरक्षण शून्य.

१९ जुलै २०२४ आठवतो ना? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज पीसी पडले, असा मायक्रोसॉफ्टचाच अंदाज होता. एक फाइल पुसली की पीसी उठत होता, पण ती पुसायला आत जायचं तर बऱ्याच ठिकाणी बिटलॉकरची की हवी. ज्यांच्या किल्ल्या जागेवर होत्या त्यांचे पीसी लवकर उठले.

म्हणून बँकेत हे असं करा. डोमेन असेल तर की अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनची मध्यवर्ती यादी) साठवल्याशिवाय एन्क्रिप्शन सुरूच होऊ नये, ही अट पॉलिसीत आहे, ती लावा. आधीच एन्क्रिप्ट झालेल्या पीसींवर मॅनेज-बीडीई या कमांडने प्रोटेक्टर (डिस्क उघडण्याचे मार्ग) बघा, की डिरेक्टरीत आली का ते तपासा. आणि डिरेक्टरीचा सर्व्हरच बिटलॉकरमागे अडकला तर? त्याची की कागदावर, तिजोरीत. बँकेत तिजोरीची तरी कमतरता नसावी.

---

रजिस्ट्री_राव

बरं, सायनिंगचं पटलं. पण स्पीडचं काय? सही करत बसलं तर मोठ्या फाइली रखडणार.

---

पॅच_मंगळवार

विंडोज ११ ते विंडोज ११ किंवा सर्व्हर २०२२ असेल तर सहीसाठी एईएस-जीमॅक ही पद्धत वापरतात, प्रोसेसरलाच ते येतं, रोजच्या कामात जाणवत नाही. जुन्या नॅसचा प्रोसेसर दुबळा असेल तर रखडेल, हे खरं. पण तो नॅस बदलण्याच्या यादीत तसाही असायला हवा.

पटकन बाकीचं. विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड बँकेत चालू करू नका. तो बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर काढून टाकतो आणि फक्त मोप्रिया (छपाईचं सामायिक मानक) प्रमाणित प्रिंटर ठेवतो. पासबुकचे डॉट मॅट्रिक्स गेलेच म्हणून समजा. सध्या तो ऐच्छिक आहे, आपणहून चालू होत नाही. लॉगिनच्या जुन्या व्हीबीएस स्क्रिप्ट अजून चालतात, पण व्हीबीस्क्रिप्ट आता वेगळं काढता येणारं फीचर झालंय, पुढे बंद आणि मग नाहीसं होणार. आत्ताच पॉवरशेलमध्ये हलवा. सिरियल नंबर काढायला डब्ल्यूएमआयसी ही जुनी कमांड वापरणाऱ्या बॅच फाइली २५एच२ ला गेल्यावर गप्प बसतील. पॉवरशेलचं गेट-सिमइन्स्टन्स वापरा. पॉवरशेल २ सुद्धा काढलंय. जुनं लायसन डोंगल चालेना झालं तर मेमरी इंटिग्रिटीने (असुरक्षित ड्रायव्हर रोखणारी सोय) त्याचा ड्रायव्हर अडवला आहे का ते विंडोज सिक्युरिटीत बघा आणि विक्रेत्याकडून नवा ड्रायव्हर मागा.

---

शाखा_सिस्टीम

सगळ्यांचे आभार. दुसऱ्या शाखेचं काम उरकलं, म्हणून लिहितो.

सुचवल्याप्रमाणे आधी दोन पीसींवर ऑडिट ठेवलं. यादीत आलं ते असं : कर्ज विभागातलं झेरॉक्स, जुना नॅस, आणि अनपेक्षितपणे हजेरीचं बायोमेट्रिक सॉफ्टवेअर असलेला एक विंडोज ७. झेरॉक्सचं फर्मवेअर इंजिनियरने बदललं, वेगळा यूजर बनवला, सायनिंगसह स्कॅन जातंय. नॅसवर गेस्ट बंद करून विभागवार यूजर केले. विंडोज ७ वेगळ्या व्हीएलएएनमध्ये (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) टाकला आणि हजेरीवाल्यांना नवीन आवृत्तीसाठी पत्र दिलं.

मुख्य कार्यालयात एक फार जुनं स्कॅनिंग मशीन आहे, त्याला फर्मवेअर नाहीच. तिथे एका पीसीपुरतं सायनिंग सैल केलं. त्या पीसीवर दुसरं काही नाही, फायरवॉलमध्ये फक्त त्या मशीनचा आयपी. ग्रुप पॉलिसीत वेगळा ओयू (पीसींचा गट), त्याच्या नावातच सवलतीची मुदत लिहिली आहे. म्हणजे मी नसलो तरी पुढच्याला कळेल की हे कायमचं नव्हतं.

नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ ला सायबर सुरक्षेची श्रेणीवार चौकट आणली, तिच्या तपासणीत असल्या सवलती विचारतातच. तेव्हा उपकरण, कारण, मंजुरी कुणाची, मुदत किती, असा एक तक्ता करून व्यवस्थापनाची सही घेतली. गंमत म्हणजे सही मागायला गेल्यावरच नवीन स्कॅनरचं बजेट मंजूर झालं. "बंद करून टाका" म्हणणं सोपं असतं, त्याखाली सही करणं कुणाला नको असतं.

बिटलॉकरच्या किल्ल्या तपासतोय. दोन लॅपटॉपच्या किल्ल्या कर्मचाऱ्यांच्या खाजगी खात्यांत सापडल्या. 🙏 सर्व्हररूमवाली.

---

लॅब_क्र_३

जाता जाता, सिक्युअर बूटची (पीसी चालू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) सर्टिफिकेटं एक्स्पायर होतात असं वाचलं. म्हणजे पीसी बूटच होणार नाहीत?

---

सर्व्हररूमवाली

होतील, घाबरू नका. २०११ ची सर्टिफिकेटं आहेत. काहींची मुदत जून २०२६ ला, विंडोजच्या बूटलोडरवर सही करणाऱ्याची ऑक्टोबर २०२६ ला. जुन्या सर्टिफिकेटवर राहिलेला पीसी चालू होतो, पण बूटच्या टप्प्यावरचे पुढचे सुरक्षा बदल त्याला मिळत नाहीत. २०२३ ची नवी सर्टिफिकेटं विंडोज अपडेटमधून येतात, काही मॉडेलना त्याआधी बायोस अपडेट लागतं. ज्या लॅबमध्ये सिक्युअर बूटच बंद करून ठेवलंय तिथे आधी ते चालू करावं लागेल.

आणि बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर सस्पेंड करा. तुमच्या नव्या इमेजमध्ये ते चालू असेल तर प्रत्येक पीसीची की हाताशी आहे ना, तेही त्याच दिवशी बघून घ्या.